रक्ताची सूचना आणि फुप्फुसांची साक्ष

गार पाण्यात हात घालताच बोटे पांढरीफटक पडतात, मग निळी होतात आणि ऊब मिळाली की लाल होतात, अशी तक्रार घरातील स्त्रीने केली, तर ‘थंडी बाधली असेल’ एवढ्यावर तिची बोळवण होते. मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्याने १८६२ साली वर्णिलेले हे लक्षण पुष्कळदा निरुपद्रवी असते, हे आम्ही जाणतो. परंतु त्याच्या जोडीला बोटांची कातडी ताठ होऊ लागली, तर ती ‘सिस्टेमिक स्क्लेरोसिस’ या व्याधीची नांदी असू शकते. या व्याधीत शरीराची संरक्षक शक्ती शरीरावरच उलटते आणि त्वचेत, तसेच आतील अवयवांत, चिवट तंतू साठत जातात. पुरुषांपेक्षा स्त्रियांना ती कितीतरी अधिक प्रमाणात जडते.

एके काळी या रोग्यांना मूत्रपिंडांच्या विकाराची धास्ती सर्वांत मोठी असे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅप्टोप्रिल आले आणि ती पुष्कळ ओसरली. तेव्हापासून मृत्यूचे प्रमुख कारण म्हणून फुप्फुसांचा विकार पुढे आला आहे.

म्हणूनच रक्तातील खुणांना महत्त्व आले. ‘एससीएल-७०’ हे प्रतिपिंड ज्यांच्या रक्तात सापडते, त्यांच्या फुप्फुसांत तंतू माजण्याचा धोका मोठा असतो. सेंट्रोमिअरविरोधी प्रतिपिंड असणाऱ्यांत तो कमी. मात्र फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढण्याची भीती त्यांना असते. फुप्फुसांतील पेशींना इजा झाली की ‘केएल-६’ व ‘एसपी-डी’ ही द्रव्येही रक्तात वाढतात.

परंतु रक्ताचा अहवाल म्हणजे अंतिम निवाडा, असे मानणे घातक ठरेल. ‘एससीएल-७०’ नसलेल्यांनाही फुप्फुसांचा विकार होतो, आणि ‘केएल-६’ फुप्फुसांच्या इतर रोगांतही वाढते. श्वासाची चाचणी निर्दोष आली, तरी सीटी स्कॅनमध्ये आरंभीचे दोष दिसू शकतात. सबब निदान होताच प्रत्येक रोग्याच्या छातीचा सूक्ष्म सीटी स्कॅन व श्वासाच्या चाचण्या व्हाव्यात, आणि पुढेही ठराविक मुदतीने तपासणी चालू राहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही घाई कशासाठी, असे कोणी विचारील. तंतूंनी व्यापलेला फुप्फुसाचा भाग सहसा पूर्ववत होत नाही, हेच त्याचे उत्तर. मायकोफेनोलेट, तसेच अमेरिकेत या विकारासाठी २०१९ साली मान्यता मिळालेले निन्टेडानिब व २०२१ साली मान्यता मिळालेले टोसिलिझुमॅब ही औषधे ऱ्हासाची गती मंदावतात; गेलेले परत आणून देत नाहीत.

जिना चढताना गृहिणीला लागणारा दम वयावर वा अशक्तपणावर ढकलण्याची आपली सवय आता मोडली पाहिजे. सार्वजनिक रुग्णालयांनीही या तपासण्या गरिबांच्या आवाक्यात आणाव्यात. रक्ताने सूचना द्यावी, हे योग्यच; परंतु फुप्फुसांची साक्ष काढल्यावाचून वैद्याने निश्चिंत होऊ नये.