ओंजळभर पाणी आणि स्वर्गाचं दार

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. किल्लारीपासून लातूरपर्यंतचा मुलूख तेव्हा घागरी मोजत होता. कॅथलिक चर्चच्या कारभारात हा मुलूख औरंगाबाद धर्मप्रांतात येतो आणि या चर्चचा नियम म्हणतो की बाप्तिस्मा खऱ्या पाण्यानेच व्हायला हवा. दुष्काळातही त्याचं अडत नाही म्हणा. डोक्यावरून ओघळेल एवढी धार पुरते. पण बाप्तिस्म्यावाचून तारण नाही म्हणतात; मग तेवढीही नशिबात नसेल तर स्वर्गाचं दार बंद? या प्रश्नावर सोळाशे वर्षं मोठमोठी डोकी झिजली आहेत.

नॉर्वेत पाण्याअभावी काही बाळांचा बाप्तिस्मा चक्क बिअरने उरकला जायचा. 1241 मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी तिथल्या आर्चबिशपना कळवलं: चालणार नाही, पाणीच हवं.

त्याआधी 1206 मध्ये पोप तिसरे इनोसंट यांच्यापुढे आलेलं प्रकरण तर याहून भन्नाट. मरायला टेकलेल्या एका ज्यू माणसाने स्वतःच पाण्यात बुडी मारून स्वतःलाच बाप्तिस्मा दिला. पोपनी निकाल दिला की हा बाप्तिस्मा रद्द, देणारा आणि घेणारा वेगळेच हवेत. पण तो तेव्हाच वारला असता तर श्रद्धेच्या बळावर थेट स्वर्गात गेला असता! विधी नापास, माणूस पास.

ही सवलत इनोसंट यांच्या मनची नव्हती. 392 मध्ये सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याची वाट पाहतच गेला, तेव्हा मिलानचे बिशप अँब्रोज यांनी अंत्यविधीच्या भाषणात धीर दिला की त्याने मागितलं होतं, म्हणजे त्याला मिळालं. गंमत म्हणजे 374 मध्ये लोकांनी अँब्रोजना बिशप निवडलं तेव्हा त्यांचाच बाप्तिस्मा झालेला नव्हता. आठवड्याभरात दोन्ही उरकावं लागलं. पुढे 1547 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ‘बाप्तिस्मा किंवा त्याची इच्छा’ असं लिहून टाकलं. श्रद्धेसाठी जीव देणाऱ्याला तर रक्ताचाच बाप्तिस्मा. 1992 च्या धर्मशिक्षण-ग्रंथात याचा अर्थ असा येतो: तारणाची सांगड देवाने बाप्तिस्म्याशी घातली, पण देव स्वतः त्या विधीला बांधलेला नाही. मला हे वाक्य फार चतुर वाटतं. नियमही शाबूत, देवही मोकळा.

हे न पटलेले एक जेझुइट होते, बॉस्टनचे लिओनार्ड फीनी. चर्चबाहेर तारण नाही, पाण्यावाचून तर नाहीच, असा त्यांचा हट्ट. 1949 मध्ये रोमहून खुलाशाचं पत्र आलं. फीनी ऐकेनात, बोलावलं तर जाईनात. शेवटी 1953 मध्ये, चर्चबाहेर तारण नाही म्हणणाऱ्यालाच चर्चने बाहेर काढलं. 1972 मध्ये समेट झाला.

बाप्तिस्मा न होता गेलेल्या तान्ह्या बाळांचं काय? त्यांच्यासाठी ‘लिंबो’ची कल्पना निघाली: यातना नाहीत, देवदर्शनही नाही. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांनी म्हटलं की या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत.

अडीअडचणीला बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, प्रसूतीच्या वॉर्डातली हिंदू नर्ससुद्धा. मनात चर्चचा हेतू हवा आणि शब्द अचूक हवेत. शब्दांचा काटेकोरपणा किती? 2020 मध्ये व्हॅटिकनने जाहीर केलं की ‘मी बाप्तिस्मा देतो’ऐवजी ‘आम्ही देतो’ म्हटलं तर तो बाद. डेट्रॉइटच्या एका पाद्र्याने आपल्या बाळपणीचा व्हिडिओ पाहिला होता. त्यात ‘आम्ही’! म्हणजे ते पाद्रीच काय, रीतसर ख्रिस्तीही नव्हते. बाप्तिस्म्यापासून दीक्षेपर्यंत सगळं पुन्हा करावं लागलं.

आपल्या बाजूला यायचं तर 1542 मध्ये गोव्यात उतरलेले धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर. दक्षिणेत इतक्या जणांना बाप्तिस्मा दिला की हात भरून येतात, असं त्यांनीच पत्रात कळवलंय. तोच उजवा हात 1614 मध्ये देहापासून वेगळा करून रोमला नेला. तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे, बाकी देह जुन्या गोव्यात. याच झेवियरना जपानात नवख्रिस्ती लोकांनी विचारलं, आमच्या वाडवडिलांचं काय? ते नरकातून सुटायचे नाहीत, हे ऐकून माणसं रडली. पितरांना तर्पणाचं पाणी देणाऱ्या मुलखात ते रडणं समजावून सांगायला नको.

आणि मराठीतला सगळ्यात धीट माणूस कॅथलिक नव्हताच. कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. 1917 मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा संघ मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तशिष्य एकाच पंक्तीला. त्याच साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरीही सोडली.