दिवाळं निघालेल्या शहरातून

बर्मिंगहॅम

‘तुमच्या महापालिकेचं दिवाळं निघालं म्हणजे नक्की काय झालं?’ पुण्यातल्या येरवड्याहून फोन आला की हा प्रश्न ठरलेला. कचेरीला कुलूप लागलेलं नाही. इथल्या १९८८च्या स्थानिक वित्त कायद्यातलं ११४वं कलम असं, की जमाखर्चाचा मेळ बसणार नाही असं दिसलं तर कौन्सिलच्या वित्त अधिकाऱ्याला नोटीस काढावीच लागते. मग कायद्याने बंधनकारक नसलेला नवा खर्च बंद. इथली नोटीस ५ सप्टेंबर २०२३ची.

कारणं अनेक. कौन्सिलमध्ये स्वयंपाक आणि साफसफाई करणाऱ्या बायकांना पुरुष कामगारांसारखे बोनस वर्षानुवर्षं मिळाले नाहीत. त्या समान वेतनाची देणी तेव्हाच्या अंदाजाने ७६ कोटी पौंडांपर्यंत गेली. त्यात नव्या संगणकप्रणालीचा खर्च हाताबाहेर गेला. पण मुळात २०१०नंतर लंडनच्या सरकारने अनुदान छाटत आणलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हाताऱ्यांची देखभाल टाळता येत नाही, म्हणून कात्री ग्रंथालयांवर. कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, २०२४मध्ये ९.९९ टक्क्यांनी वाढला, २०२५मध्ये ७.४९. तोही घरांच्या १९९१च्या किमतींवरून ठरलेल्या गटांनुसार!

शिवाय ११ मार्च २०२५पासून कचरा-कामगारांचा बेमुदत संप झाला. फुटपाथवर काळ्या पिशव्यांचे ढीग होते, फाटलेल्या पिशव्यांत उंदीर. ३१ मार्चला कौन्सिलने आणीबाणीची परिस्थिती जाहीर केली, तेव्हा १७ हजार टन कचरा पडून होता.

पुण्यात अशी नोटीस निघत नाही. आपल्याकडे पैसे संपले की ठेकेदाराचं बिल थकतं, रस्ता अर्धवट राहतो आणि फाइल टेबलावर पडून असते. हातातली जकात २०१३ला गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला. २०१७पासून जीएसटीच्या नुकसानभरपाईसाठी राज्याकडे बघायचं. योजना आली तर पैसा येतो, नाही असं नाही. येरवड्यातल्या नेताजीनगरात जेएनएनयूआरएम या केंद्राच्या योजनेतून जागच्या जागी पक्की घरं झाली. निम्मा पैसा केंद्राचा, दहा टक्के राहणाऱ्यांचा. पुढे गटार तुंबलं तर ते उपसायला मात्र कुठली योजना नसते.

लंडनने बसवलेले कमिशनर निवडून आलेल्या नगरसेवकांच्या डोक्यावर आहेत, म्हणून इथले लोक धुसफुसतात. पुण्यात मार्च २०२२पासून २०२६च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होता, हे शेजाऱ्याला सांगितलं तर त्याला खरं वाटेना. त्याची तक्रार वेगळीच होती: या कमिशनरांचं मानधनही कौन्सिलच्याच तिजोरीतून जातं.