डॉमिनार ४०० : लांब पल्ल्याची बाईक कशी घडत गेली? घेण्याआधी हे वाचा

छत्रपती संभाजीनगर : गंगापूर तालुक्यातल्या वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि आसपासच्या गावांतली पोरं शेतातून थेट लाईनवर कामाला लागली. त्याच कंपनीची डॉमिनार ४०० मात्र पुण्याजवळ चाकणला बनते. पोरं तिच्यासाठी हट्ट धरतात. ही 'स्पोर्ट्स टूरर' म्हणजे नेमकं काय, हे हप्ता बांधून घेण्याआधी समजून घेतलेलं बरं.

पळायचं आणि दमायचं नाही

स्पोर्ट्स बाईकवर माणूस पुढे वाकून बसतो. तासाभरात कंबर धरते. टूररवर पाठ सरळ राहते, सामान बांधता येतं. दोन्हींचा मेळ म्हणजे स्पोर्ट्स टूरर.

सुरुवात २०१४ ला

दिल्लीजवळच्या ऑटो एक्स्पोत बजाजने 'पल्सर सीएस ४००' हा नमुना दाखवला. डिसेंबर २०१६ मध्ये तीच गाडी डॉमिनार नावाने बाजारात आली. तेव्हा दिल्लीतली शोरूम किंमत १ लाख ३६ हजार, एबीएस ब्रेकसह दीड लाख होती.

इंजिन ३७३ सीसीचं, केटीएमच्या ३९० ड्यूकवरून घेतलेलं. पण ड्यूकची ताकद ४३ पीएस, तर डॉमिनारची मुद्दाम ३५ ठेवली. कारण लांबच्या प्रवासात वरच्या टोकाच्या स्पीडपेक्षा कमी आरपीएमला मिळणारी ओढ जास्त कामाला येते. सारखे गिअर बदलावे लागत नाहीत.

एकेक सुधारणा

२०१९ मध्ये ताकद ४० पीएसवर नेली. पुढचे शॉकअप उलट्या पद्धतीचे, जाड आणि मजबूत आले. २०२० मध्ये धाकटी डॉमिनार २५० आली. २०२१ मध्ये उंच काच, हातांसमोरचे गार्ड, इंजिनखालची पट्टी, मागचं कॅरिअर आणि मोबाईल चार्जिंग कंपनीतूनच बसवून मिळू लागलं. २०२५ ला पाऊस, रस्ता, स्पोर्ट आणि कच्चा रस्ता असे चार मोड आले. म्हणजे पहिल्या गाडीत टूररचा सांगाडा होता, पण टूरिंगचं खरं सामान पाच वर्षांनी चढलं.

आपल्या रस्त्यावर काय?

टाकी १३ लिटरची. एव्हरेज लिटरला २५ धरलं तरी सव्वातीनशे किलोमीटर होतात. संभाजीनगरहून पुणे एका टाकीत आरामात. पण वजन १८० किलोच्या वर, स्प्लेंडर जेमतेम ११२ ची. ओल्या शेतरस्त्यावर, चिखलात ही गाडी एकट्याने मागे ओढायची म्हणजे घाम निघतो. दुधाचे कॅन, खताची गोणी हे तिचं काम नाही.

करातली मेख

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के. ३७३ सीसीची गाडी थोडक्यासाठी वरच्या खान्यात जाते, २५० वाली खालच्या. हप्ता ठरवताना हा फरक आधी पाहावा.

वर्षातून दोन-चारदा लांब जाणाऱ्याला २५० पुरेल. महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर हायवे तुडवणाऱ्यानेच मोठीचा विचार करावा. आणि टेस्ट राईड घ्यायची तर मागे माणूस बसवून, खड्ड्याच्या रस्त्यावर घ्यावी. शोरूमसमोरच्या गुळगुळीत डांबरावर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात.