तिथी मोठी की तारीख?

भिंतीवरची दिनदर्शिका ही दिसायला मोठी साधी वस्तू. महिन्यामागून महिना उलटावा, लाल अंकांत सुट्ट्या शोधाव्यात आणि त्यांतली एखादी रविवारी आलेली पाहून हळहळावे, एवढाच तिचा उपयोग पुष्कळांना ठाऊक असतो. परंतु मोठ्या अंकाच्या आजूबाजूला बारीक अक्षरांत तिथी असते, शके असतो, हिजरी सनाचा महिनाही असतो. तीन कालगणना एकाच चौकटीत शेजाऱ्यांप्रमाणे नांदतात. आणि शेजार म्हटला की अधूनमधून कुरबूर ही व्हायचीच! ती पाहावयाची असेल, तर पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

प्रथम नगर शहराचाच वाढदिवस घ्या. २८ मे १४९० रोजी मलिक अहमद याने बहमनी फौजेचा पराभव केला. तो दिवस शहराचा स्थापना दिन म्हणून पाळला जातो. पण शहराची उभारणी १४९४ मध्ये सुरू झाली, असे अनेक इतिहासग्रंथ सांगतात. म्हणजे शहर वसण्याच्या आधीच त्याचा वाढदिवस ठरून गेला! यात कोणी खोटे बोलत नाही. कोणी विजयाचा दिवस धरतो, कोणी पायाभरणीचे वर्ष धरतो. झाडाचा जन्म बी पेरले त्या दिवशी मानावा की कोंब दिसला त्या दिवशी, असाच हा प्रश्न आहे.

याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी ३१ मे १७२५ रोजी अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म झाला. २०२४ मध्ये शहराला व जिल्ह्याला त्यांचे नाव देण्यात आले. अशा रीतीने शहराचा वाढदिवस आणि त्याला ज्यांचे नाव मिळाले त्यांचा जन्मदिवस अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने येतात. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या योगात एकच उणीव आहे. हे दोन्ही दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीत येतात!

आता तिथीचा कारभार पाहू. शिर्डीच्या साईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी देह ठेवला. तो दिवस विजयादशमीचा होता. म्हणून त्यांची पुण्यतिथी दसऱ्यालाच पाळतात. हा दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला आला. असे का व्हावे? चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत पुरे होतात, तर सूर्याचे वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे असते. त्यामुळे तिथी दर वर्षी दहा-बारा दिवस मागे सरकते. ती फारच मागे जाऊ नये म्हणून सुमारे अडीच-पावणेतीन वर्षांनी पंचांगात अधिक महिना घालतात आणि तिला पुन्हा पुढे आणून बसवतात. हिजरी सनात मात्र अधिक महिना नाही. म्हणून नगरचा प्रसिद्ध मोहरम कधी भर पावसात, कधी थंडीत, तर कधी कडक उन्हात येतो आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सगळ्या ऋतूंची यात्रा पुरी करतो.

यावर कोणी म्हणेल, तिथीपेक्षा तारीख बरी; ती तरी जागची हलत नाही. पण तारखेचेही पाय मातीचेच! औरंगजेब बादशहाचा मृत्यू नगरजवळ झाला. एका पुस्तकात त्याची तारीख २० फेब्रुवारी १७०७ अशी आढळते, तर दुसऱ्यात ३ मार्च १७०७ अशी. बादशहा काही दोनदा मरण पावला नाही. युरोपातील जुन्या दिनदर्शिकेत वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे धरले जाई. थेंबे थेंबे तळे साचावे तशी ही मिनिटे शतकानुशतके साचत गेली व त्यांचे दिवस झाले. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी यांनी दहा दिवस गाळून ही चूक सुधारली. इंग्लंडने ती सुधारणा १७५२ मध्ये स्वीकारली. तोवर अंतर अकरा दिवसांचे झाले होते. म्हणून तेथे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. बादशहाच्या दोन मृत्युतारखांत अंतर आहे तेही बरोबर अकरा दिवसांचेच.

काही दिवस पाळण्याच्या रीतीही मोठ्या मौजेच्या असतात. नगरजवळील मेहेराबाद येथे मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरले व ते ३१ जानेवारी १९६९ पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, पाळले. त्यांचे अनुयायी दर वर्षी १० जुलैला मौन पाळतात. भाषणे, घोषणा आणि कर्णे यांवाचूनही एखादा दिवस साजरा होऊ शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. गंमत अशी की ३१ जानेवारीच्या त्यांच्या स्मृतिदिनाला ‘अमरतिथी’ म्हणतात. नाव तिथीचे, पण हिशेब तारखेचा!

पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरतो. त्या बिचाऱ्या प्राण्यांना शके, सन आणि हिजरी यांतला भेद ठाऊक नसतो. तरीही फाल्गुन आला की ती वेळेवर मढीला हजर असतात. माणसे मात्र तिथी खरी की तारीख खरी, यावर तासन्‌तास वाद घालतात.

नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या शेवटी शके १२१२ हे वर्ष नोंदले आहे. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन १२९० येतो. ग्रंथाचे वर्ष लिहून ठेवण्याच्या या दक्षतेने पुढच्या पिढ्यांचे मोठे काम हलके केले. म्हणून घडलेली गोष्ट दिवस-वर्षासह टिपून ठेवण्याची सवय चांगली. परंतु केवळ दिवस पाठ केला आणि कार्य विसरले, तर त्या स्मरणाला अर्थ राहत नाही. अहिल्यादेवींनी ठिकठिकाणी घाट बांधले, विहिरी खोदल्या. त्या विहिरीचे पाणी पिणारा तहानलेला वाटसरू तिथी विचारत नाही आणि तारीखही विचारत नाही. त्याची तहान भागते, आणि ज्यांनी विहीर बांधली त्यांची जयंती त्या दिवशीही साजरी होते.