सेफ्ट्रायक्झोन आणि जंगलपट्ट्यातला ताप

सेफ्ट्रायक्झोन हे सेफॅलोस्पोरिन गटातील तिसऱ्या पिढीचे प्रतिजैविक. कुपीतली त्याची पांढरट भुकटी पाण्यात विरघळली की फिकट पिवळी होते. स्नायूत टोचताना ते फार दुखते, म्हणून त्यात लिग्नोकेन मिसळतात. रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे आठ तास लागत असल्याने बहुतेक आजारांत दिवसाला एकच इंजेक्शन पुरते.

या गटाचे मूळ सार्डिनिया बेटावर आहे. कॅग्लियारी शहराचे सांडपाणी समुद्राला मिळते तिथे १९४५ साली जुझेप्पे ब्रोत्सू यांना एक बुरशी सापडली. तिचा अर्क त्यांनी विषमज्वराच्या रुग्णांवर वापरून पाहिला आणि निष्कर्ष १९४८ साली छापले. पण ते पत्रक फारसे कुणी वाचले नाही. पुढे ऑक्सफर्डमध्ये न्यूटन व अब्राहम यांनी त्याच बुरशीतून सेफॅलोस्पोरिन सी वेगळे केले. या कथेत ब्रोत्सूंना अजूनही हक्काची जागा मिळालेली नाही.

जिवाणूच्या भिंतीतले धागे एकमेकांत गुंफणारी विकरे हे औषध निकामी करते. कामट्यांची वीण सुटलेल्या तट्ट्यासारखी भिंत कमकुवत होते आणि जिवाणू फुटतो. न्यूमोनिया, मेंदूज्वर, विषमज्वर यांत त्याचा मोठा आधार आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या तापांत मात्र त्याची मर्यादा ठळक दिसते. हिवतापाचा परजीवी जिवाणू नव्हेच. स्क्रब टायफसचा जंतू जिवाणू असला तरी पेशीच्या आत राहतो आणि त्याच्या भिंतीत हे औषध ज्यावर घाव घालते तो भाग नावापुरताच असतो. धानाच्या बांध्यांत, झुडपांत वावरणाऱ्याला ताप आला आणि काखेत किंवा जांघेत काळी खपली दिसली, तर सेफ्ट्रायक्झोनचा गुण येण्याची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करावे लागते. रक्ततपासणीआधीच सेफ्ट्रायक्झोन टोचण्याची सवय इथे जिवावर बेतू शकते.

कावीळ झालेल्या नवजात बाळालाही ते देत नाहीत, कारण ते बिलिरुबिनला अल्ब्युमिनवरून हटवते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बाळांच्या जंतुदोषावर जुनी, स्वस्त औषधे वापरली: जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि कोट्रायमोक्साझोल. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जाऊन ती देत. जंतुदोष झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.