ठळक अक्षराची मर्यादा
दुकानाच्या पाटीवरील मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत, असे महाराष्ट्राच्या २०२२ च्या कायदादुरुस्तीने ठरविले. आकाराचा प्रश्न त्यामुळे सुटला. वळणाचा सुटला नाही. ठळक, नक्षीदार अक्षर दुरून लक्ष वेधण्यासाठी असते. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी रेखाटलेल्या नाट्यशीर्षकांत नाटकाची प्रकृतीच उमटे; पण शीर्षक म्हणजे चारदोन शब्द. देवनागरीत रेघ बेताबाहेर जाड झाली, की ज्या लहानशा फटीमुळे ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ वेगळे ओळखू येतात, ती फटच बुजते. तेव्हा लक्ष्मी रस्त्यावरील व्यापाऱ्याने नाव खुशाल नटवावे. पत्ता मात्र साध्या अक्षरांत द्यावा. पाटी अखेर वाचण्यासाठीच असते.