सोंग घेऊन येणारी फाइल

आपला जालना हा बियाण्याचा जिल्हा. पिशवीवर कपाशीचे कितीही भरघोस चित्र छापलेले असो, केवळ चित्रावर भरवसा ठेवून आपण पिशवी उचलीत नाही. लॉट नंबर पाहतो, मुदत पाहतो, पावती मागतो. मग मुलांच्या शिक्षणासाठी घरात घेतलेल्या संगणकावर एखादी फाइल आली, की मात्र नुसते चित्र पाहून बटण का दाबावे?

जालन्याहून परभणी ओलांडली की हिंगोली येते. तेथील एका सरकारी कर्मचाऱ्याला ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचे निमंत्रण आले. सोबत पीडीएफ वाटावी अशी पत्रिका होती. ती उघडली आणि त्याच्या खात्यातून १ लाख ९० हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हतीच. ती 'एपीके', म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसविणारी फाइल होती. पीएम किसानच्या नावानेही अशाच फाइली गावोगावी फिरल्या आहेत. तेथे मोबाइल फसला. संगणकावर सोंग तेच असते, अक्षरे तेवढी निराळी.

मंडळी, येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. काही फाइली कागदासारख्या असतात. त्या आपण वाचतो किंवा पाहतो. काही फाइली गड्यासारख्या असतात; दार उघडले की त्या कामाला लागतात. काम कोणते, ते पाठविणाऱ्याने ठरविलेले असते. फाइल कोणत्या जातीची, हे नावातील शेवटच्या टिंबानंतरच्या अक्षरांवरून कळते. पीडीएफ, जेपीजी, एमपी४ हे बहुधा कागद, फोटो आणि व्हिडिओ. ईएक्सई, एमएसआय, बीएटी, एससीआर, व्हीबीएस, जेएस हे गडी. 'सातबारा.पीडीएफ.ईएक्सई' असे नाव दिसले तर तो सातबारा नव्हे.

अडचण अशी, की विंडोजचा संगणक ही शेवटची अक्षरे एरवी लपवूनच ठेवतो. ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून निघालेल्या 'आय लव्ह यू' विषाणूने याचाच फायदा घेतला. ईमेलसोबत प्रेमपत्र म्हणून आलेल्या फाइलीच्या नावात आधी टीएक्सटी आणि शेवटी व्हीबीएस होते. लोकांना टीएक्सटी एवढेच दिसले. पत्र उघडणाऱ्याचे फोटो त्याने पुसले आणि त्याच्या ओळखीच्या सर्वांना तेच पत्र आपोआप धाडले. म्हणून फाइल मेहुण्याच्या नावाने आली तरी ती मेहुण्यानेच पाठविली असे समजू नये. एक फोन करून विचारावे. त्यात कसला आला संकोच?

तेव्हा आजच एक काम करावे. 'फाइल एक्स्प्लोरर' उघडावे, वर 'व्ह्यू' आणि त्यात 'शो' दाबावे, आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'पुढे खूण करावी. विंडोज १० मध्ये ही खूण 'व्ह्यू'मध्येच सापडते. हे काम घरातील शाळकरी मुलगी दोन मिनिटांत करून देईल.

पेनड्राइव्हचा प्रकार तर आपल्याकडे जुनाच. झेरॉक्सच्या दुकानातून तो परत आला, की आत पिवळे फोल्डर दिसते, पण शेवटी ईएक्सई असते. खरे फोल्डर विषाणूने लपविलेले असते. घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नये. त्याच 'शो'मध्ये 'हिडन आयटम्स'वर खूण केली, की काही वेळा आपले कागद सापडतात.

आता अँटिव्हायरसविषयी. कॅलक्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी पुण्यात 'क्विक हील' उभे केले, ही आपल्या मराठी माणसांची कामगिरी. विंडोज १० आणि ११ मध्ये 'डिफेंडर' हा राखणदार मुळातच असतो. तो चालू ठेवावा. मात्र विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, हे ध्यानात असू द्यावे. फुकटचा गेम किंवा चोरीचे सॉफ्टवेअर बसविताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना येते, तेथेच हात आखडावा. राखणदाराला बाहेर घालवा असे कोण सांगतो?

आणि तरीही चुकून दाबले गेलेच तर? प्रथम इंटरनेट तोडावे. त्या संगणकावर बँकेचे काम करू नये. पासवर्ड दुसऱ्या, चांगल्या यंत्रावरून बदलावेत. मग पूर्ण तपासणी, म्हणजे 'फुल स्कॅन' लावावे. पैसे गेले असतील तर चोरट्याने ते पुढे सरकविण्याआधी १९३० या क्रमांकावर फोन करावा. खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि बँकेचा संदेश हाताशी ठेवावा. तेथे तेच आधी विचारतात.